सीडब्ल्यूजीसीची वेबसाइट आणि खडकीची वॉर सिमेट्री : आत्याच्या वडलांचं नाव सापडलं त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा हॉटेलचा किंवा मोबाइलचा रिव्ह्यू नाही. एका फुकट वेबसाइटचा आहे, जी युद्धात मेलेल्या सैनिकांची नावं शोधून देते, आणि त्याच लोकांनी सांभाळलेल्या पुण्यातल्या एका जागेचा आहे. मी सहसा रिव्ह्यू लिहीत नाही, मिक्सर जळला तेव्हा पण लिहिला नव्हता, पण या विषयावर मराठीत काहीच धड मिळत नाही आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणात असं घर शोधून सापडणं अवघड जिथं कुणीतरी एकजण "त्या जर्मनच्या लढाईत गेला तो आलाच नाही" असा नाही, म्हणून म्हणलं लिहू. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्यात तो एकजण म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत गेले, 1944 च्या पावसाळ्यानंतर कधीतरी घरी तार आली. त्यांची मुलगी म्हणजे माझी आत्या, आता ब्याऐंशी वर्षांची. ती जन्मली तेव्हा वडील निघून गेलेले, त्यामुळं तिनं त्यांना कधी बघितलंच नाही. फोटो नाही. घरात फक्त एक पितळी डबा, त्यात तिच्या आईच्या पेन्शनीचा कागद, पोस्टाचा शिक्का मारलेला, घडीवर घडी पडून आता घडीच्या रेषेवर भोकं पडलेली. एवढंच. लहानपणी आम्ही विचारायचो आत्या तुझे वडील कुठं गेले, ती म्हणायची "इटालीत", जसं काय वाई नाहीतर फलटणला गेलेत.

मागच्या दिवाळीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पुण्यात आमच्याकडं होती, डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बघायला मनाई, मग नुसतं ऐकायची. बातम्यांत कुठल्यातरी जवानाच्या अंत्यसंस्काराचं चालू होतं, बिगुल वाजला आणि ती एकदम म्हणाली, "आमच्या दादांचं नाव कुटं लिवलं आसंल का रं कुणी?" मी म्हणलं बघतो. आणि शोधायला बसलो.

आता पहिली चूक. मी गुगलवर वर आलेली कुठलीतरी परदेशी वंशावळीची साइट उघडली (नाव लिहीत नाही), चौदा दिवस फ्री म्हणून कार्ड नंबर घेतला, सगळीकडं कुलूपं, आणि पंधराव्या दिवशी डॉलरमध्ये पैसे कापले. मिळालं काय तर त्याच आडनावाचा कॅनडातला एक डेंटिस्ट. असल्या नादाला लागू नका. जे त्यांच्याकडं पैसे भरून मिळत नाही ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे सीडब्ल्यूजीसीच्या साइटवर फुकट आहे, लॉगिन नको ओटीपी नको काही नको.

हे कमिशन 1917 मध्ये निघालं, पहिलं महायुद्ध चालू असतानाच. तेव्हा नाव इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन होतं, साम्राज्य गेलं तसं नाव बदललं. काम एकच, दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या आणि तेव्हाच्या साम्राज्यातल्या देशांच्या बाजूनं जे मेले त्या सगळ्यांची नोंद ठेवायची, कबर असेल तर कबर सांभाळायची, नसेल तर कुठल्यातरी भिंतीवर नाव कोरायचं. सतरा लाख नावं आहेत, दीडशेच्यावर देशांत पसरलेली. नियम असा केलेला की अधिकारी असो नाहीतर शिपाई, दगड सगळ्यांना एकाच मापाचा. आणि श्रीमंत घरच्यांनी बॉडी मायदेशी न्यायची असं पण चालणार नाही, 1915 मध्येच त्याला बंदी घातली होती, ज्याचा पोरगा जिथं पडला तिथंच राहणार. ऐकायला कडक वाटतं, पण विचार केला तर बरोबरच आहे, नाहीतर लॉर्डचा पोरगा बोटीनं घरी आणि खाणकामगाराचा पोरगा चिखलात असं झालं असतं.

शोधायचं कसं ते नीट सांगतो कारण मी यातच तीन रात्री घालवल्या. "फाइंड वॉर डेड" नावाचा भाग आहे, तिथं आडनाव, नाव, कुठलं युद्ध, कुठल्या देशाकडून, रेजिमेंट, सर्व्हिस नंबर असे रकाने येतात. मी आपला शहाण्यासारखा आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि नावाच्या रकान्यात नाव टाकत बसलो, काही येईना. मग लक्षात आलं की आपल्या लोकांची नावं त्यांच्या पद्धतीत बसतच नाहीत, बऱ्याच भारतीय सैनिकांचं अख्खं नाव आडनावाच्याच रकान्यात घातलंय. म्हणजे पहिलं नावच तिथं टाकून बघायचं. दुसरं म्हणजे स्पेलिंग. तेव्हा भरतीच्या टेबलावर आपल्या माणसानं सांगितलं एक, कारकुनाला ऐकू आलं दुसरं आणि त्यानं इंग्रजीत लिहिलं तिसरं. जाधवचं जाधो, शिंदेचं शिंडे, तुकारामच्या पुढं एक ए जास्त. साधं उदाहरण बघा, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले आपले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, त्यांचं नाव पण इंग्रजीत सगळीकडं "येशवंत" आहे. सगळ्यात मोठं पदक मिळवलेल्या माणसाची ही गत तर साध्या शिपायाचं काय.

तिसरी युक्ती मला माझ्या मुलीनं सांगितली, नाव सोडून दे म्हणाली, गाव शोध. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदींना बऱ्याचदा खाली एक जास्तीची ओळ असते, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमुक गाव, अमुक जिल्हा. मग रेजिमेंट मराठा, युद्ध दुसरं, जास्तीच्या माहितीत "सातारा" टाकलं आणि यादी आली. बाबांनो. ती यादी मी स्क्रोल करत होतो आणि थांबतच नव्हती. कोरेगाव, खटाव, पाटण, जावळी, माण, तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आताची सांगलीची बाजू पण त्यात, वय एकोणीस, वय बावीस, वय वीस. मी ज्या गावांतून कॉलेजला असताना एसटीनं रोज जायचो ती गावं एकेका मेलेल्या पोराच्या नावापुढं. रात्रीचा एक वाजला होता.

आणि मग सापडले. गावाच्या नावात एक अक्षर जास्तीचं, आडनावाचं स्पेलिंग भलतंच, पण बापाचं नाव बरोबर, बायकोचं नाव बरोबर. कासिनो मेमोरियल, इटली, पॅनल नंबर अमुक.

सकाळी आत्याला वाचून दाखवलं. अमक्याचा मुलगा म्हणल्यावर मान हलवली. अमकीचा नवरा म्हणून तिच्या आईचं नाव घेतलं तेव्हा ती उठून बसली. "आयचं नाव? इटालीत?" म्हणलं हो. "आयला कुणी रेशनकार्डावर सुदीक धड लिवलं न्हाई," म्हणाली, आणि मग बराच वेळ गप्प. मग हळूच, "माजं न्हाई व्हय?" काय सांगणार, पोरांची नावं सहसा नसतात त्यात आत्या, आईबाप आणि बायको एवढंच. तर म्हणते, "बरूबर हाय. त्येंला तरी कुटं ठावं हुतं मी हाय म्हणून."

साइटवर प्रत्येक नावासाठी एक सर्टिफिकेट पीडीएफमध्ये निघतं, नाव, हुद्दा, तारीख, कुठल्या स्मारकावर नाव आहे ते. कलर प्रिंट काढून लॅमिनेट केलं. जागेचे फोटो पण असतात. कासिनोला पाण्याचं एक लांबट तळं आणि बाजूनं संगमरवराचे खांब, त्यावर चार हजारांच्या वर नावं आहेत, इटलीच्या मोहिमेत मेलेले आणि कबरीचा पत्ता नसलेले. यशवंत घाडगेंचं नाव पण तिथंच, ते 10 जुलै 1944 ला अप्पर टायबरच्या खोऱ्यात गेले, वय फक्त बावीस. सगळे साथीदार मेले किंवा जखमी झाल्यावर एकट्यानं मशीनगनच्या खड्ड्यावर धावून गेलेला हा माणूस, आणि त्याची पण कबर माहीत नाही. 2023 मध्ये तिथल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. इकडं माणगावात पुतळा आहे, गोव्याला जाताना किती लोक तिथं मिसळ खायला थांबतात आणि किती जणांना तो पुतळा कुणाचा ते माहीत असतं हा वेगळा विषय.

आता खडकी. आत्या इटलीला जाणं शक्य नाही, पण "तसली जागा" बघायची म्हणाली. म्हणलं त्याच लोकांची एक जागा पुण्यातच आहे चल. रिक्षावाल्याला वॉर सिमेट्री म्हणलं तर तो वॉर मेमोरियलला घेऊन निघाला, ती घोरपडीकडची वेगळी जागा, तिथं रणगाडा विमान वगैरे आहे, ती पण बघण्यासारखी आहे पण ही नव्हे. ही होळकर पुलाजवळ मुळा रोडला. पंचवीस वर्षं पुण्यात राहून मी स्वतः पहिल्यांदाच गेलो, बाहेरून शंभर वेळा गेलो असेन.

आत गेलं की पुणं बंद होतं. हॉर्न ऐकू येतात पण लांबून. हिरवळ अशी की कुणी कात्रीनं कापल्यासारखी, ओळीनं एकसारखे दगड, प्रत्येकासमोर फुलझाडं, मध्ये तो मोठा दगडी क्रॉस. दुसऱ्या महायुद्धातल्या 1668 कबरी आहेत. आणि पहिल्या महायुद्धातले अठराशेच्यावर जण, जे देशात नि आताच्या पाकिस्तानात इकडंतिकडं छावण्यांच्या दफनभूमीत पुरलेले आणि आता ज्या कबरी सांभाळणं शक्य नाही, त्यांची नावं स्मारकावर. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले 193 सैनिक पण आहेत, ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. केनिया, नायजेरियाकडची पोरं इथं येऊन मेली आणि त्यांची नावं मुळेच्या काठावर. म्हणजे जशी आमची इटलीत तशी त्यांची आमच्याकडं, हिशेब फिटंफाट म्हणायचा का काय.

दगडावर खाली एखादी ओळ असते, ती घरच्यांनी दिलेली. पहिल्या युद्धानंतर त्याला 66 अक्षरांची मर्यादा घातली होती, मोकळ्या जागा धरून. विचार करा, पोरगा गेलाय आणि तुम्ही अक्षरं मोजताय. काहींनी देवाचं वचन टाकलंय, काहींनी नुसतं "आमचा मुलगा" अशा अर्थाचं. काही दगडांवर ओळच नाही. ते बघून जास्त कसंतरी होतं.

आत्यानं जास्वंदाची दोन फुलं आणली होती पदरात बांधून, आमच्या बाल्कनीतली, मला न विचारता तोडलेली. हळदीकुंकवाची पुडी पण होती. तिथल्या माळीकाकांनी लांबून बघितलं, जवळ आले, म्हणाले, "आजी फुलं ठेवा, पण कुंकू नका लावू, दगडावर डाग बसतो, निघत नाही." तिनं लगेच पुडी कमरेला परत खोचली. मग कुठल्या दगडावर ठेवू म्हणाली. मी म्हणलं ठेव कुठंही. तर म्हणे असं कसं, वय बघ. मग मी एकेक वय वाचत गेलो आणि तिनं एका तेवीस वर्षांच्या पोरापाशी थांबवलं, कारण तिच्या वडलांचं वय पण तेवीसच होतं. इंग्रज पोरगा. दगडावरून हात फिरवला, अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवलं, जसं आंधळी माणसं करतात तसं, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं हे पण कारण असेल. माळीकाका टोपी काढून उभे राहिले होते. ही सर्व्हिस कुठल्या रेटिंगमध्ये बसवायची मला कळत नाही, पाचपैकी पाच देतोय.

रजिस्टर ठेवलेलं असतं, त्यात सही करता येते. आत्यानं अंगठा दिला नाही, सही केली, पाच मिनिटं लागली.

आता वाईट बाजू, कारण नुसतं कौतुक करणारे रिव्ह्यू मला स्वतःला खोटे वाटतात. सगळे समान, एकच मापाचा दगड हे जे वर सांगितलं, ते सगळीकडं पाळलं नाही. 2021 मध्ये कमिशनच्याच चौकशी अहवालात निघालं की पहिल्या महायुद्धातले कमीतकमी 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोक नावानिशी नोंदलेच गेले नाहीत, त्यात जास्त करून आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. त्यांनी जाहीर माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पण संसदेत मागितली. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत बसरा मेमोरियल बघा. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, आपली पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती, 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी त्यात, 29 एप्रिल 1916 ला तिथल्या कुत शहरात वेढ्यात उपासमारीनं शरण जावं लागलं, पुढं कैदेत किती मेले त्याचे हाल कुत्रा खाणार नाही. 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उघडलं, चाळीस हजारांच्यावर बेपत्ता लोकांचं. गोऱ्या सैनिकांचं प्रत्येकाचं नाव. भारतीयांत अधिकाऱ्यांचं नाव. आणि भारतीय शिपाई? रेजिमेंटच्या खाली आकडा. इतके शिपाई. बस.

यात मला डोक्यात जाणारी गोष्ट वेगळीच आहे. पुण्याजवळ कोरेगाव भीमाला 1818 च्या लढाईचा जो स्तंभ आहे त्यावर कंपनीनं साध्या शिपायांची नावं कोरली, शेवटी "नाक" लागणारी महार सैनिकांची बावीस नावं तिथं आजपण वाचता येतात, आणि पुढं त्या नावांतून किती मोठी गोष्ट उभी राहिली ते महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणजे शंभर वर्षं आधी जमत होतं. मग 1929 ला आकडा का? दगड महाग झाला होता का? इंग्लंडात ब्रायटनजवळ छत्री म्हणून स्मारक आहे, 53 हिंदू आणि शीख सैनिकांना तिथं अग्नी दिला होता, ती 1921 ची, पण त्या 53 जणांची नावं दगडावर यायला 2010 उजाडलं. दिल्लीचं इंडिया गेट घ्या, पहिल्या युद्धात मेलेल्या भारतीयांची संख्या 74 हजार धरतात आणि नावं तेरा हजारांच्या आसपास, ती पण इतक्या उंचावर की कुणाचा नातू कशी वाचणार. बसऱ्याच्या लोकांची नावं आता साइटवर शोधता येतात हे खरं, पण ज्यांची मुलं वाट बघत होती ती मुलं संपली.

यासाठी अर्धा स्टार कापतोय.

आपल्याकडचं पण सांगतो नाहीतर म्हणाल इंग्रजांचंच गुणगान. दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला उघडलं, मागणी 1960 पासूनची, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं फाइल फिरली. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. फुकट आहे, स्वच्छ आहे, गोलगोल चक्रं आहेत चार, त्यातल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटेसारख्या पाट्यांवर एकेकाचं नाव, सुरुवातीला पंचवीस हजार नऊशेच्यावर होती, पुढं गलवानमधले वीस जण धरून वाढत चाललीयत. हाताच्या उंचीवर आहेत, हे महत्त्वाचं. ब्राँझची मोठी शिल्पं आहेत लढायांची, ती आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांची. रोज संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी एका जवानाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात, रोज एक घर, हे मला सगळ्यात आवडलं, तिथं त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ होते, कुठल्या राज्याचे कळलं नाही, त्यांनी चक्र ठेवल्यावर चप्पल कुठं काढली ते शोधत राहिले आणि एक जवान धावत घेऊन आला.

पण ती नावं 1947 नंतरची. आत्याचे वडील त्यात बसत नाहीत, ते इंग्रजांचे सैनिक ना. इंडिया गेटमध्ये पण बसत नाहीत, ते पहिल्या युद्धाचं. दुसऱ्या महायुद्धात आपले सत्त्याऐंशी हजार गेले, आपला देश म्हणतो ते साहेबाचे, आणि साहेब गेला निघून. त्यामुळं त्यांचं नाव विचारायचं तर शेवटी त्या साहेबाच्याच वेबसाइटला. अजून एक, पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 ला जे चाळीस गेले, त्यातले दोन आपल्या बुलढाण्याचे, ते सीआरपीएफचे म्हणून त्यांची नावं समर स्मारकात शोधू नका, त्यांच्यासाठी चाणक्यपुरीत पोलीस स्मारक आहे. गर्दीत एक बाई मोबाइलवर फोटो दाखवून विचारत होती हे नाव कुठं, तिला गार्डनं फार समजुतीनं सांगितलं. टीव्हीवर सगळे "शहीद" म्हणतात आणि सरकारी कागदात तो शब्दच नाही, संरक्षण खात्यानं माहिती आयोगाला तसं कळवलंय पण, तिथं "बॅटल कॅज्युअल्टी" लिहितात.

आणि टीव्हीच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू करायचा झाला तर एक स्टार, तो पण बिगुल ऐकू येतो म्हणून. कारगिलच्या आधी असं नव्हतं, 62 ला, 65 ला, 71 ला जो पडला त्याला बहुतेक करून तिकडंच अग्नी दिला, घरी यायची ती तार आणि मागनं ट्रंक. 1999 ला पहिल्यांदा शवपेट्या गावोगाव आल्या आणि पाठोपाठ कॅमेरे आले. 527 जण. तेव्हा मी शाळेत होतो, आमच्या भागात एसटी स्टँडवर लोक टीव्हीच्या दुकानासमोर उभं राहून बघायचे. त्यानं फरक पडला, घरच्यांची दखल घेतली गेली, हे नाकारत नाही. पण पुढं त्याचं काय झालं ते मी शेजारच्या गावात डोळ्यानं बघितलंय. चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. हायस्कूलच्या मैदानावर रातोरात चौथरा बांधला, सगळा गाव राबला, बायकांनी रस्ताभर रांगोळी घातली, एकाही घरात चूल पेटली नाही. आणि चॅनेलवाला पोरगा कुणाच्या तरी माळवदावर वाळत घातलेल्या शेंगा तुडवत उभा, खाली त्याचा दुसरा माणूस आईच्या तोंडाला माइक लावून, "आई, काय भावना आहेत तुमच्या?" त्या माउलीनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "जेवला का रं तू?" ते काही दाखवलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाड्या गेल्या.

फ्लेक्स मात्र राहिला. वीस बाय दहाचा. वर सात पुढाऱ्यांचे गोल फोटो, खाली जवानाचा, त्यामागं कॉम्प्युटरवर चिकटवलेला दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचा रणगाडा, आणि खाली "मराठा लाइट इन्फंट्री". पोरगा तोफखान्यात होता. गावात सगळ्यांना माहीत होतं तोफखान्यात होता, रजेवर आला की तोफेच्या गोष्टी सांगून कान बधिर करायचा, पण सातारा म्हणलं की मराठा लाइट इन्फंट्री असं त्या डिझाइनवाल्याला वाटलं असेल. कुणी बदलला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो फ्लेक्स एका कडब्याच्या गंजीवर होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले, अर्धा चेहरा दिसत होता. ज्यानं टाकला त्यालाही दोष देत नाही, कडबा भिजला तर जनावरं काय खाणार. पण फ्लेक्स तेवढ्यासाठीच असतो हे आधी कळलं असतं तर नाव तरी नीट घातलं असतं.

म्हणून मला त्या साइटचं जास्त वाटलं. तिथं कुणी रडत नाही, म्युझिक नाही, "नमन" नाही, नुसता एक कंटाळवाणा तक्ता आहे. हुद्दा, नंबर, पलटण, तारीख, बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, पॅनल. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी बसून टाइप केला आणि नंतर कुणीतरी तो टाकून दिला नाही.

ज्यांना शोधायचंय त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आधी बापाचं नाव, गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा जिल्हा काढून घ्या, सिंधुदुर्ग असेल तर रत्नागिरी, रायगड असेल तर कुलाबा असं. मिलिटरी आपशिंग्यासारखी गावं, जिथून पहिल्या युद्धातच 46 जण गेले, तिथल्या लोकांना तर यादीच मिळेल. पहिल्या युद्धाच्या नोंदी दुसऱ्यापेक्षा तुटक आहेत, धीर ठेवा. जहाजावर कामाला असलेला कुणी असेल, कोकणातले बरेच होते, तर मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे, समुद्राशिवाय कबर नसलेल्यांचं, ते आधी बघा. साइट मोबाइलवर चालते पण कॉम्प्युटरवर बरी. सगळं इंग्रजीत आहे, पोरांना बसवा शेजारी. खडकीला गेलात तर सकाळी जा, पाणी न्या, कुंकू नेऊ नका.

राहता राहिलं गावाच्या नावातलं ते जास्तीचं अक्षर आणि आडनाव. ती चूक भरतीच्या वेळच्या नाहीतर डेपोतल्या कुणा कारकुनाची, तो पण आता कुठं असेल. दुरुस्तीसाठी कमिशनला लिहिता येतं, पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणजे पितळी डब्यातला तो कागद. मी म्हणलं आत्या दे, पाठवतो. तिनं डबा मांडीवर ओढून घेतला, "झेरॉक्स पाठीव." झेरॉक्सवाल्यानं मशिनीत घालायला कागद उलगडला आणि घडीवर टर्कन आवाज आला, ती त्याच्यावर अशी ओरडली की दुकानातली सगळी पोरं गप्प. शेवटी मोबाइलवर फोटो काढलेत, चार बाजूंनी. आज रात्री मेल करतोय. काही उत्तर आलं तर सांगतो.